बकुळीच्या गळ्यातलं घुंगरू

आमच्या लंडनमध्ये, म्हणजे ऑन्टारिओतल्या, एक कुत्री होती जिला इंग्रजीचं अक्षर कळत नसे. जात स्प्रिंगर स्पॅनियल, जन्म इथल्याच एका शेतावरचा, आईबाप अस्सल कॅनेडियन. पण मालक, म्हणजे आमचे सर, साताऱ्याकडचे आणि हट्टी. त्यामुळे तिला "सिट" म्हटलं की ती नुसती शेपूट हलवायची आणि "बस खाली" म्हटलं की धपकन बसायची. सर कधी भारतात गेले की शेजारची शाळेची बस चालवणारी गोरी बाई तिला सांभाळायची. त्या बाईने फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावर तिच्या लिपीत "इकडे ये", "सोड", "पुरे" आणि सगळ्यात खाली "शहाणी गं माझी ती" असं लिहिलेलं होतं. मी एकदा तिला परसात ओरडताना ऐकलं, "बॅकुली, इक्डे ये ग!" तेव्हा मला या देशात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. आधी हसू आलं आणि मग, का कोण जाणे, रडू आलं.

कुत्रीचं नाव बकुळी. सरांचं नाव मी सांगणार नाही. "छापलेल्या कागदावर नाव आलं की लोक आधी वय शोधतात आणि मग फुलं पाठवतात," असं ते म्हणायचे.

सर कान-नाक-घशाचे सर्जन. सत्तरच्या दशकात आले, उत्तरेतल्या एका लहानशा गावात पहिली नोकरी केली, तिथे एका शेतकऱ्याच्या घशातलं हाड काढलं आणि त्याने आभार म्हणून यांना शिकारीला नेलं. तेव्हापासून ते वेड लागलं ते लागलंच. मी नागपूरची, इथे मास्टर्स करून ऑडिऑलॉजिस्ट झाले, म्हणजे लोकांचे कान तपासते. मी नोकरीला लागले ते सरांचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष होतं. क्लिनिकमध्ये सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून काही ते नाव निघेना. "सर" म्हटलं, ते आजपर्यंत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "नागपूर? मग सावजी मसाला घरी करतेस की इंडियन ग्रोसरीतला?"

"घरी करते, सर."

"मग आपलं जमेल."

जमलं ते असं. त्यांच्या घरात कडक शाकाहार. त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, लग्नातच सांगितलेलं, माझ्या स्वयंपाकघरात पक्ष्याचं पीसही चालणार नाही. मग सरांनी गॅरेजमध्ये विजेची शेगडी मांडली, दोन पातेली आणि एक लांब चमचा आणला, आणि मारून आणलेला पक्षी तिथेच, स्नो शोव्हल आणि विंटर टायर्सच्या मध्ये उभं राहून शिजवायला लागले. बाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली होती. स्वयंपाकघर रिकामं पडलेलं, तरी हे आपले गॅरेजमध्येच. मी एकदा म्हटलं, "सर, आता आत का नाही करत? बाहेर मायनस बारा आहे." तर म्हणाले, "परवानगी कोण देणार?" आणि कांदा परतत राहिले. मी दिलेला मसाला त्यांनी पहिल्यांदा घातला तेव्हा डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि मला सांगत होते, "हे बघ, सायनसचं ऑपरेशन करायची गरजच नाही."

पक्षी म्हणजे ग्राउज. कोंबडीएवढा, तपकिरी, रानातल्या पाचोळ्यात असा मिसळून जातो की पायाखाली येईतो दिसत नाही. सर त्याला तितरच म्हणायचे. पक्षी साफ करताना त्याच्या गळ्याची अन्नाची पिशवी ते आधी उघडायचे आणि आतलं सगळं एका पेपर टॉवेलवर मांडायचे: कळ्या, क्लोव्हरची पानं, सफरचंदाचे तुकडे. मग चष्मा वर करून निदान. "सफरचंद खातोय. पुढच्या शनिवारी जुन्या बागेत जायचं." पेशंट मेल्यावर इतक्या आनंदाने निदान करणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

मंडळाच्या गणपतीत एक काकू त्यांना म्हणाल्या, "तुमच्यासारख्या घरातल्या माणसाने शिकार करावी म्हणजे..." सर म्हणाले, "काकू, मी मारतो तो पक्षी एका झटक्यात मरतो. तुमच्या अध्यक्षांचं भाषण पंचेचाळीस मिनिटं चालतं." पुढच्या वर्षी त्यांना आमंत्रणाचा ईमेल आला नाही. ते तरीही गेले आणि पोटभर जेवून आले.

मी त्यांच्याबरोबर रानात कशी गेले, हे अजून माझ्या नवऱ्याला कळलेलं नाही. सरांचा जुना शिकारी सोबती एका नर्सिंग होममध्ये गेला आणि सरांना एकट्याने जायला त्यांच्या मुलाने मनाई केली. मुलगा मिल्टनला राहतो, रोज ट्रेनने टोरोंटोला जातो, शनिवारी झोपतो. सर मला म्हणाले, "तू चल. नुसती चाल." मी म्हटलं, "सर, मी पंचशील घेतलेली बाई आहे."

"शील तुझं, बंदूक माझी. आणि त्या दिवशी मसाला घालून दोन वाट्या रस्सा प्यायलीस तेव्हा शील कुठे होतं?"

नवरा म्हणाला, "काहून जातेस तू? जयंतीच्या कमिटीत तू, अन् हातात मेलेला पक्षी?" मुलीने एवढंच विचारलं, "आई, डज द डॉग गेट टू कम होम विथ अस?" मी गेले, कारण इथे आल्यापासून मी झाडं फक्त हायवेवरून पाहिली होती. शिवाय सरांनी विचारलं होतं, आणि त्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. या सवयीबद्दल पुढे सांगायचंच आहे.

पहिल्या दिवशी मी माझं निळं जॅकेट घालून गेले. सरांनी त्यावर भडक नारिंगी बंडी चढवली, डोक्यावर नारिंगी टोपी घातली. मी म्हटलं, "सर, हा फोटो नागपूरला गेला तर माझं माहेर बंद." ते म्हणाले, "निळा रंग थोर आहे, पण झाडीत दिसत नाही. दुसऱ्या कुणा शिकाऱ्याने हरीण समजून बार टाकला तर तू जयंतीलाही नसशील."

त्यांचे नियम दोन. पहिला, पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं तरच बार. पक्षी उठला, पण त्याच्या खाली झुडूप दिसतंय, गवत दिसतंय, तर बंदूक खाली. कारण त्या गवतात कुत्री असते. दुसरा नियम, पडलेलं सोडायचं नाही. पक्षी पडला आणि सापडला नाही तर तोवर दुसरा मारायचा नाही, अंधार पडेपर्यंत शोधायचं. एकदा अशा एका पक्ष्यासाठी त्यांनी मला तीन तास काटेरी झुडपांत फिरवलं होतं. सापडला तेव्हा मला म्हणाले, "कंटाळलीस?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "छान. तो मेला, तू नुसती कंटाळलीस."

बकुळीचं काम बघण्यासारखं. पंधरा-वीस पावलं पुढे, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, नाक जमिनीला. वास लागला की शेपटीचा वेग वाढायचा. मग उडी, पंखांचा फर्रर्र आवाज, पक्षी वर, आणि बकुळी जागच्या जागी खाली बसलेली. बार झाला की मान वळवून सरांकडे बघायची. "आण" म्हटल्याशिवाय हलायची नाही. पण पॉपलरच्या कोवळ्या दाट झाडीत ती पाच पावलांवरही दिसत नसे. म्हणून तिच्या गळ्यात घुंगरू. सरांच्या वडिलांच्या बैलांची घुंगूरमाळ होती, त्यातलं एक पितळी घुंगरू त्यांनी कधीतरी बॅगेतून आणलं होतं. हिच्या आधीच्या तीन कुत्र्यांच्या गळ्यातही तेच होतं. बारीक, लखलखीत आवाज. "हे वाजतंय तोवर कुत्री कुठे आहे ते कळतं," सर सांगायचे. "थांबलं की समजायचं, बसली. मग मी तयार."

आता त्या तपासणीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलाने आग्रह केला म्हणून सर माझ्याकडे कान तपासायला आले. "करून टाक," म्हणाले. "कागद त्याला पाठव म्हणजे त्याचं तोंड बंद होईल. मला तितराचं ढोल वाजवणं अर्ध्या मैलावरून ऐकू येतं." ते खरंच होतं. नर ग्राउज पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा बडवतो. धप, धप, मग धपधपधप, गावाकडचं डिझेल इंजिन सुरू व्हावं तसं. पण तो अगदी खालच्या पट्टीतला आवाज. कान जायला लागतात ते वरच्या पट्टीपासून, आणि हे सरांनी हजार पेशंटना सांगितलेलं होतं.

तपासणीच्या खोलीत पेशंट काचेपलीकडे बसतो. मी बटण दाबून आवाज देते, त्याला ऐकू आला की तो त्याच्या हातातलं बटण दाबतो. सरांचे निकाल विशीतल्या पोरीसारखे यायला लागले. मी वर पाहिलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते काचेच्या कोपऱ्यात बघत होते, जिथे माझ्या हाताचं प्रतिबिंब पडत होतं. माझं बोट हललं की त्यांचं बोट हलायचं.

मला उठून त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवायची होती, बस. शिकाऊ मुलगीसुद्धा हे करते. पण ज्या माणसाने ही खोली बांधून घेतली, त्याला "सर, खुर्ची वळवा" कसं म्हणायचं? मी म्हटलं नाही. जसं दाबलं तसं लिहिलं, सही केली, मुलाला पाठवलं. त्या रात्री मला नीट झोप लागली, याची मला जास्त लाज वाटते.

मागच्या ऑक्टोबरातला शनिवार. उत्तरेला दोन तासांवर एक सोडून दिलेली सफरचंदाची बाग आहे, तिथे आम्ही गेलो. थंडी कोरडी होती, पाचोळा कुरकुरत होता. सर पुढे, मी तीन पावलं मागे डावीकडे. बकुळी आता दहा वर्षांची झाली होती, पण झाडीत शिरली की वय विसरायची.

तासभर चाललो असू. सर थांबले, हात वर केला. "ऐक," म्हणाले, "कशी वाजतेय. ओढ्याकडे वळली बघ."

मी कान दिला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. वारा आणि पाचोळा, बस. तेवढ्यात बकुळी बरोबर उलट्या बाजूने, उजवीकडच्या काट्यांतून बाहेर आली आणि पुन्हा आत घुसली. तिच्या पट्ट्याला घुंगरू नव्हतं. कुठेतरी काट्यात अडकून तुटलं असणार. सर अजून ओढ्याच्या दिशेने मान तिरकी करून ऐकत होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला पुढे बोलवेना.

मग मला एक एक आठवायला लागलं. गेले दोन सीझन सर चालताना सारखे मागे वळून माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, मी दमले का ते बघतात. ते माझी मान कुठे वळते ते बघत होते. मी जिकडे ऐकायचे तिकडे त्यांची कुत्री असायची.

सांगायला हवं होतं, तेव्हाच, तिथेच. मी ठरवलं, चहाला थांबू तेव्हा सांगू. चारचौघांत नाही, दोघांतच आहोत, तरी बसून सांगू. पुन्हा तीच सवय.

वीस मिनिटांनी एका वाकड्या सफरचंदाच्या झाडाखालून पक्षी उठला. वर गेला नाही, उताराच्या बाजूला नेच्यांवरून सरळ खालून निघाला. सरांची दुनळी खांद्याला लागली. नेचे हलले आणि मला त्यांत बकुळीच्या छातीचं पांढरं दिसलं. मी ओरडले, "सर, बकुळी!" बंदूक पक्ष्याबरोबर सरकत होती, त्या पांढऱ्याच्या दिशेने. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेल इतक्या जोरात. ते तीन पावलांवर होते. त्यांनी मान हलवली नाही.

बार झाला नाही. पक्षी उतारापलीकडे गेला. सरांनी बंदूक खाली घेतली आणि वर्गात शिकवल्यासारखं म्हणाले, "बघितलंस? खाली आभाळ नव्हतं. सोडला."

मग नेच्यांतून बकुळी उभी राहिली. बंदुकीचं तोंड जिथे होतं, बरोबर तिथे.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग ओढ्याकडे पाहिलं. "ही इथे कशी? घुंगरू तर तिकडे..." आणि माझ्याकडे वळले. "तुझा चेहरा असा का झालाय?"

"मी ओरडले, सर. दोनदा."

ते गुडघ्यावर बसले, बकुळीला जवळ घेतलं, पट्ट्यावरून सगळीकडून बोट फिरवलं. मग बंदूक उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. 

"कधीपासून नाहीये?"

"मला वीस मिनिटांपूर्वी दिसलं."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही, सर."

ते उठले आणि म्हणाले, "चल. पडलेलं सोडायचं नाही."

आम्ही आल्या वाटेने शोधत निघालो. बकुळीला "शोध" म्हटलं तर तिने आधी एक सडकं सफरचंद आणलं, मग कुणाचा तरी जुना हातमोजा. सरांनी दोन्ही वेळा तिला शाबासकी दिली. ते पुढे, मी मागे, दोघं खाली बघत. काटेरी झुडपांच्या कडेला आलो आणि मला ते ऐकू आलं. छुन्न. सरांच्याच बुटाखाली, पाचोळ्यात. सर पुढे चालत राहिले.

मी धावत जाऊन त्यांची बाही धरली आणि मागे आणलं. पाचोळा बाजूला केला. घुंगरू मातीत अर्धं दबलं होतं. त्यांनी ते उचललं, बंडीला पुसलं, उजव्या कानाशी हलवलं. मग डाव्या कानाशी हलवलं. मग माझ्यासमोर धरून हलवलं.

"वाजतंय?"

"वाजतंय, सर."

"छान वाजतं ते," म्हणाले आणि खिशात टाकलं.

परत येताना गाडी मी चालवली. हायवेला लागल्यावर मी सगळं सांगून टाकलं. काचेतला माझा हात, त्यांचं बोट, मी वळवली नाही ती खुर्ची. मला वाटलं चिडतील, निदान विनोद करतील. मी बोलत होते तेवढा वेळ ते माझ्या ओठांकडे बघत होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

"पेशंट खोटंच बोलतो गं," ते म्हणाले. "त्याला हक्क आहे, तो घाबरलेला असतो. आपण ते लिहायचं नसतं." मग बकुळीकडे मागे वळून म्हणाले, "हिला लागलं असतं तर मी तुला माफ केलं असतं. तू स्वतःला केलं नसतंस."

सोमवारी ते क्लिनिकमध्ये आले. आत गेले आणि मी काही बोलायच्या आत खुर्ची स्वतःच उचलून भिंतीकडे फिरवली. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मानेवरचे पांढरे केस. खालच्या पट्टीतले आवाज त्यांनी सगळे पकडले, तितराचा ढोल जिथे वाजतो ते. मग मी वर वर जात राहिले आणि रानातली माझी किंकाळी ज्या पट्टीत होती तिथे त्यांचं बोट थांबलं. मी आवाज वाढवत नेला. घुंगरू ज्या पट्टीत वाजतं तिथे मी मशीनचा शेवटचा आकडा गाठला. पाठ हलली नाही. मी जे होतं ते लिहिलं आणि सही केली.

बंदूक त्यांनी रीतसर कागद करून एका तरुण शिकाऱ्याला दिली. कानात मशीन आलं. ते घातल्यावर फ्रिजचा आवाज ऐकू आला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. नाताळानंतर मुलाने त्यांना मिल्टनला नेलं. तिथे सगळी नवी घरं, झाडं काठीला बांधलेली, आणि सुनेला कुत्र्यांची ॲलर्जी. बकुळी आमच्याकडे आली. जाताना सरांनी तिच्या पट्ट्यात घुंगरू स्वतः पक्कं ओवून दिलं, सर्जनची गाठ मारून. माझी मुलगी तिच्याशी मराठीत बोलते. दुसरा इलाजच नाही. "आई, शी ओन्ली लिसन्स इफ आय से 'बस खाली'," असं कुरकुरते आणि बोलते.

दर शनिवारी सकाळी सर व्हिडिओ कॉल करतात. मी बकुळीला घेऊन नदीकाठच्या झाडीत फिरायला गेलेली असते, हे त्यांना माहीत असतं. मागच्या शनिवारी त्यांनी तिला डोळे भरून पाहिलं, तिचा कान उलटा करून दाखवायला लावला, वजन वाढलंय म्हणून मला रागावले. मग म्हणाले, "घुंगरू आहे ना? वाजव बघू."

मी तिच्या गळ्याशी बोटं नेली आणि वाजवलं. फोन असले बारीक आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो. मी आणि मुलीने घरी दोन फोन घेऊन करून पाहिलं होतं, तिचे बारा वर्षांचे कान, तिलासुद्धा पलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

"ऐकू आलं!" सर म्हणाले. "काय खणखणीत वाजतंय अजून."

त्यांचे डोळे माझ्या बोटांवर होते. मी थांबले की ते थांबायचे, मी हलवलं की त्यांची मान हलायची.

मी फोन जरा खाली घेतला, माझा हात त्यांना नीट दिसेल असा, आणि पुन्हा वाजवलं.